दूरवरून बटण दाबताना

मंडळाच्या बैठकीत मॅडम म्हणाल्या, "या अंकासाठी कविता पुष्कळ आल्यात, पण विज्ञानावर एकही लेख नाही." लगेच सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. संगणकशास्त्राची विद्यार्थिनी मंडळात मी एकटीच. "तू सुट्टीत त्या डेटा सेंटरमध्ये इंटर्नशिप केलीस ना? त्यावर लिही. पण आम्हाला कळेल असं लिही हं," अशी तंबीही मिळाली.

मी होकार दिला खरा, पण घरी आल्यावर विचार करत बसले. डेटा सेंटरबद्दल सांगण्यासारखं खूप आहे. त्यातला एकच भाग मला खरा कळला असं मी म्हणू शकते, आणि तो कळला एका चुकीमुळे. ती चूक माझीच होती. म्हणून तोच भाग घेते : रॅकमधल्या सर्व्हरची वीज नेटवर्कवरून, म्हणजे दूर बसून, कशी मोजतात, कशी चालू-बंद करतात, आणि ते करताना काय काय सांभाळावं लागतं.

रॅक म्हणजे काय?

आपल्या हैदराबादच्या पश्चिम भागात गेल्या काही वर्षांत बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या काही डेटा सेंटर आहेत. आत गेलं की ओळीने लोखंडी कपाटं दिसतात. या कपाटांना रॅक म्हणतात. उंची साधारण दोन मीटर, आणि आत १९ इंच रुंदीची यंत्रं बसतात. उंची 'यू' या मापात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. नेहमीच्या रॅकमध्ये असे ४२ यू असतात. पुस्तकांच्या कपाटात कप्पे असतात तसे कप्पे समजा, फक्त पुस्तकांच्या जागी सर्व्हर.

प्रत्येक चांगल्या सर्व्हरला मागच्या बाजूने विजेच्या दोन केबली असतात. एक 'ए' बाजूची, एक 'बी' बाजूची. दोन्ही बाजूंची वीज वेगवेगळ्या यूपीएसमधून येते. एक बाजू गेली तरी सर्व्हर दुसऱ्या बाजूवर चालू राहतो. रॅकच्या मागे दोन्ही कडांना उभ्या लांब पट्ट्या बसवलेल्या असतात आणि त्यांवर सॉकेटांची रांग असते. या पट्टीला पीडीयू म्हणतात. आपण घरी वापरतो त्या एक्स्टेंशन बोर्डाचं हे मोठं भावंड.

साधी पीडीयू म्हणजे खरोखरच नुसता बोर्ड. पण आता बहुतेक ठिकाणी 'शहाणी' पीडीयू असते. तिच्यात एक छोटा संगणक असतो आणि नेटवर्कची केबल लावायला जागा असते. प्रत्येक सॉकेटमधून किती अँपिअर वीज जाते ते ती मोजते. आणि हुकूम मिळाला की एखादं सॉकेट बंद करते, चालू करते. हुकूम देणारा माणूस शेजारच्या खोलीत असेल किंवा दुसऱ्या शहरात. तिला त्याचं काही नाही.

अर्धा भरलेला दिसणारा पण पूर्ण भरलेला रॅक

मोजायचं कशासाठी, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्या शिफ्ट इन्चार्जनी मला एक हिशेब घालून दिला. तो इथे देते, कारण त्यातला पेच आपल्यालाही समजतो.

समजा, एका रॅकमध्ये २० सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाला ४०० वॅट लागतात. एकूण ८,००० वॅट. ही वीज ए आणि बी अशा दोन पीडीयूंत निम्मी निम्मी वाटली जाते, म्हणजे प्रत्येकीवर ४,००० वॅट. २३० व्होल्टला हे साधारण साडेसतरा अँपिअर होतात. पीडीयूचा ब्रेकर ३२ अँपिअरचा आहे. बघणाऱ्याला वाटेल, "अरे वा, अजून निम्मी जागा रिकामी आहे, आणखी दहा सर्व्हर घाला."

आता ए बाजू गेली. सगळा भार बी बाजूवर आला, म्हणजे जवळजवळ ३५ अँपिअर. ब्रेकर ३२ चा. थोडा वेळ तो सहन करेल आणि मग ट्रिप होईल. झालं, अख्खा रॅक अंधारात! दोन-दोन बाजूंची सोय करूनही आयत्या वेळी एकही कामाला आली नाही.

म्हणजे इथे प्रत्येक पीडीयूचा आकडा वेगळा बघून उपयोग नाही. दोन्हींची बेरीज एका ब्रेकरमध्ये मावते का, ते बघायचं. एकट्या पीडीयूला ही बेरीज ठाऊक नसते, तिला फक्त आपली बाजू दिसते. म्हणून दोन्ही बाजू, सगळे रॅक आणि सगळे हॉल एकत्र बघणारा कुणीतरी वर बसवावा लागतो. त्यासाठी सर्व्हरांची उतरंड लागते.

उतरंड कशी रचतात

खालून वर जाऊ या.

सगळ्यात खाली पीडीयू. तिच्यावर दर हॉलला एक 'गोळा करणारा' सर्व्हर. तो ठराविक वेळाने प्रत्येक पीडीयूला विचारतो, "तुझ्या पहिल्या सॉकेटचा आकडा किती? दुसऱ्याचा?" या विचारपुशीची जी भाषा आहे तिला एस.एन.एम.पी. म्हणतात. ती १९८८ पासून वापरात आहे. पीडीयूमधल्या प्रत्येक मोजमापाला त्या भाषेत आकड्यांनी बनलेला एक पत्ता असतो, आणि तो पत्ता विचारला की उत्तर मिळतं. उलट, काही बिघडलं तर पीडीयू स्वतःहूनही हाक मारते. त्या हाकेला 'ट्रॅप' म्हणतात. पण ट्रॅपवर विसंबून चालत नाही. तो सहसा पोच न घेता पाठवलेल्या पत्रासारखा जातो, वाटेत हरवला तर हरवला. म्हणून हाक येवो न येवो, विचारपूस चालूच ठेवायची.

हे काम किती मोठं होतं ते बघा. समजा २०० रॅक आहेत, प्रत्येकात दोन पीडीयू, प्रत्येकीवर २४ सॉकेटं. म्हणजे ९,६०० सॉकेटं. दर ३० सेकंदांनी एक नोंद धरली तर दिवसाला पावणेतीन कोटींहून जास्त नोंदी! म्हणून गोळा करणारे सर्व्हर हॉलवार वाटून दिलेले असतात. याचा दुसरा फायदा जास्त महत्त्वाचा आहे. हॉल आणि मुख्य कार्यालय यांच्यातला दुवा तुटला तरी हॉलवरची नजर हटत नाही.

त्याच्या वर नोंदी साठवणारा डेटाबेस. कालचा, मागच्या आठवड्याचा आकडा इथे मिळतो. आणि अगदी वर माणसाला दिसणारा पडदा, आलेख, लाल-हिरवे दिवे वगैरे.

आता हुकूम देणारा सर्व्हर. तो मुद्दाम वेगळा ठेवतात. आकडे बघायचा अधिकार पन्नास जणांना असला तरी हरकत नाही, पण सॉकेट बंद करायचा अधिकार मोजक्याच लोकांना हवा. ही दोन कामं एकाच दाराने होऊ लागली की कधीतरी बघायला आलेला माणूस चुकून बटण दाबून जातो.

हुकुमाची भाषाही नीट निवडावी लागते. 'बंद कर' असा हुकूम दोनदा गेला तरी सॉकेट बंदच राहतं. पण 'आहे त्याच्या उलट कर' असा हुकूम असेल आणि उत्तर आलं नाही म्हणून आपण तो पुन्हा पाठवला, तर बंद झालेलं सॉकेट परत चालू! म्हणून हुकूम नेहमी स्पष्ट हवा, आणि दिल्यावर पीडीयूला परत विचारायचं, "खरंच बंद झालं का?" हुकूम पाठवला म्हणजे काम झालं, असं समजायचं नाही.

माझी चूक

आता ती रात्र सांगते.

दहाच्या सुमाराला एक सर्व्हर अडकला. काहीच उत्तर देईना. अशा वेळी खरं तर आधी सर्व्हरच्या पोटातल्या छोट्या संगणकाकडे जायचं असतं. त्याला बी.एम.सी. म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी केबल लावलेली असेपर्यंत हा जागा असतो, आणि सर्व्हरला नीट बंद करून नीट चालू करू शकतो. पण त्या सर्व्हरचा बी.एम.सी.ही बोलत नव्हता. उरला शेवटचा उपाय, पीडीयूवरून दोन्ही बाजूंची वीज तोडून परत द्यायची.

यादीत लिहिलं होतं : ए बाजू सॉकेट ९, बी बाजू सॉकेट ९. इन्चार्ज जेवायला गेले होते. पडद्यावर शिफ्टचं सामायिक लॉगिन उघडंच होतं. मी ए-९ बंद केलं, बी-९ बंद केलं.

अडकलेला सर्व्हर तसाच चालू राहिला. मी बघतच राहिले. वीज तोडली, मग हा चालतो कशावर? तेवढ्यात फोन वाजला. एका संस्थेची प्रवेशअर्ज भरायची साइट बंद पडली होती. त्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख होती आणि मुदत रात्री बारापर्यंत.

झालं होतं असं. काही दिवसांपूर्वी कुणीतरी अडकलेल्या सर्व्हरची बी बाजूची केबल ९ मधून काढून ११ मध्ये लावली होती. रिकाम्या झालेल्या ९ मध्ये दुसऱ्याच एका लहान सर्व्हरची केबल लावली. त्या सर्व्हरला केबल एकच होती, दुसरी बाजू नव्हतीच. यादी मात्र कुणी बदलली नाही. म्हणजे जो बंद व्हायला हवा होता तो बी-११ वर चालू राहिला, आणि ज्याला हातही लावायचा नव्हता तो मी बंद केला.

मी घाबरले. समोर 'रॅकमधली सगळी सॉकेटं पुन्हा चालू करा' असं बटण होतं. मला वाटलं, हेच दाबावं, म्हणजे सगळं जागच्या जागी येईल. बोट माउसवर होतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "नक्को!"

हा हैदराबादी 'नक्को' म्हणजे आपलाच 'नको'. पण त्या रात्री तो एक शब्द मला जेवढा ऐकू आला तेवढा कुठलाच आला नसेल. ते बटण सगळी सॉकेटं आधी बंद करून मग चालू करतं. मी दाबलं असतं तर रॅकमधले बाकीचे सर्व्हरही गेले असते.

इन्चार्जनी शांतपणे फक्त बी-९ चालू केलं, सॉकेटचा आकडा वर येतोय ना ते बघितलं, आणि त्या संस्थेला फोन लावून खरं काय झालं ते सांगितलं. साइट यायला वीस-बावीस मिनिटं लागली. कुठेतरी कुणी मुलगी अर्ज भरून 'सबमिट' दाबायच्या बेतात बसली असेल. मागच्याच वर्षी मी तशीच बसले होते. त्या संस्थेने मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत वाढवली म्हणून निभावलं.

मग इन्चार्जनी मला पडद्यावर जुने आकडे दाखवले. ए-९ वर ०.८ अँपिअर, बी-९ वर ०.४ अँपिअर. "एकाच सर्व्हरच्या दोन केबली असतील तर दोन्हींवरचे आकडे बहुधा जवळपास सारखे असतात. हे सारखे दिसतायत का?" दिसत नव्हते. बी-११ वर मात्र ०.८ होता. यादी चुकली होती, पण आकड्यांत खरं काय ते आधीपासून दिसत होतं. मी ते बघितलंच नव्हतं.

चांगली व्यवस्था काय करते

त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचलं. माझ्यासारखी घाबरलेली मुलगी समोर बसणार हे धरूनच व्यवस्था रचावी लागते, हे तेव्हा कळलं.

पहिली गोष्ट, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. त्या रात्रीच्या नोंदीत 'शिफ्ट दोन' एवढंच लिहिलं गेलं, माझं नाव नाहीच. आणि इंटर्नला बंद करायचा अधिकार असायलाच नको होता. दुसरी, बंद करण्याआधी सर्व्हरनेच दोन्ही बाजूंचे आकडे ताडून बघायचे आणि ते जुळत नसतील तर हुकूम थांबवायचा. तिसरी, एक केबल असलेल्या यंत्रांवर ठळक खूण. चौथी, मोठ्या हुकुमाला दुसऱ्या माणसाची संमती.

पाचवी गोष्ट ऐकून तुम्हाला शेखचिल्ली आठवेल. पीडीयूपर्यंत आपला हुकूम ज्या नेटवर्क स्विचमधून जातो, तो स्विचही त्याच पीडीयूवर लावलेला असतो. त्याचं सॉकेट बंद केलं की बसलेली फांदी आपणच तोडली. परत 'चालू कर' म्हणायला वाटच उरत नाही, गाडी काढून तिथे जावं लागतं. म्हणून अशा सॉकेटला कुलूप घालून ठेवतात.

सहावी, पासवर्ड. एस.एन.एम.पी.च्या जुन्या आवृत्त्यांत 'पब्लिक' हा शब्द परवलीचा म्हणून आयताच दिलेला असायचा आणि तो नेटवर्कवरून उघडा जायचा. २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटवणं आणि मजकूर गुप्त ठेवणं, दोन्ही आलं. घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची सवय मात्र अजून सगळ्यांची गेलेली नाही.

मोठ्यांच्या घरी

असं फक्त माझ्यासारख्या नवख्या मुलीकडूनच होतं असं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम सगळं सहा तासांच्या आसपास बंद होतं, हे आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका हुकुमामुळे त्यांची डेटा सेंटरं जोडणारं जाळंच तुटलं. असा हुकूम अडवणारं तपासणीचं साधन होतं, पण त्यातच दोष होता. अडीअडचणीसाठी ठेवलेलं वेगळं नेटवर्कही चाललं नाही. शेवटी माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं.

जाळं परत जोडल्यावरही त्यांनी सगळं एका झटक्यात चालू केलं नाही. काम थांबल्यामुळे त्यांच्या एकेका डेटा सेंटरचा विजेचा वापर कित्येक मेगावॅटने उतरला होता. तो एकदम चढला असता तर विजेची यंत्रणाच धोक्यात आली असती.

हे वाचताना मला आजी आठवली. लाइट गेली की ती आधी फ्रिजचा आणि पाण्याच्या मोटरचा स्विच बंद करायची. लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून एकेक चालू करायची. आम्ही हसायचो. पण यंत्र चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. सगळी यंत्रं एकाच क्षणी उठली तर ब्रेकर पडतो. शहाणी पीडीयू म्हणूनच सॉकेटं थोड्या थोड्या अंतराने, ठरलेल्या क्रमाने चालू करते. मे २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरमध्ये गेलेली वीज अशीच बेशिस्त परत आली आणि यंत्रणेचं नुकसान झालं. सुमारे ७५ हजार प्रवाशांचे हाल झाले.

चांगलं उदाहरणही सांगते. फेसबुकच्याच अभियंत्यांनी २०१६ मध्ये 'डायनॅमो' नावाच्या आपल्या व्यवस्थेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिच्यात प्रत्येक सर्व्हरवर एक लहानसा प्रोग्रॅम असतो. त्याच्यावरचा नियंत्रक दर तीन सेकंदांनी सगळ्यांचे आकडे घेतो, आणि त्यांच्यावर आणखी मोठे नियंत्रक असतात. भार मर्यादेजवळ आला की कमी महत्त्वाच्या सर्व्हरना आधी थोडं हळू चालवतात, बंद करत नाहीत. सहा महिन्यांत या व्यवस्थेने वीज जाण्याचे १८ संभाव्य प्रसंग टाळले, असं त्यांनी नोंदवलं आहे. मला त्यातला एक नियम फार आवडला. पुरेशा सर्व्हरांचे आकडे हाती आले नाहीत, तर अंदाजाने काही करायचं नाही, माणसाला हाक मारायची. त्या रात्री मी नेमकं उलट केलं होतं.

शेवटी

दुसऱ्या दिवशी मी इन्चार्जना विचारलं, "सर, मी उद्यापासून येऊ की नको?" ते म्हणाले, "येऊ नको कशाला? ये, आणि येताना चपटे बूट घालून ये. खूप चालायचंय."

पुढचे चार दिवस मी हातात यादी आणि टॉर्च घेऊन एकेका रॅकच्या मागे उभी राहिले. केबल बोटाने धरून सर्व्हरपासून सॉकेटपर्यंत जायचं, आकडा वाचायचा, यादीशी ताडायचा. नावं चुकलेली आणखी अकरा सॉकेटं सापडली. त्यातलं प्रत्येक सॉकेट कुणाच्या तरी शेवटच्या तारखेची वाट बघत बसलं होतं, असंच मला वाटत राहिलं.

आपल्या मंडळात मुद्रितशोधनाच्या वेळी एका वेलांटीवरून भांडणं होतात. मीसुद्धा पूर्वी वैतागायचे, "एवढ्याने काय बिघडतं?" आता नाही वैतागत. यादीत ११ च्या जागी ९ राहिला तर काय होतं, ते मी पाहिलंय. पुढच्या अंकाचं मुद्रितशोधन मी करीन म्हणून मॅडमना सांगितलं आहे. तुम्ही हे वाचताय ते पानही कुठल्यातरी रॅकमधल्या एखाद्या सर्व्हरवरून आलं आहे. त्याच्या दोन्ही केबली यादीप्रमाणे लावलेल्या असोत, एवढीच माझी इच्छा!